चमक कुणाची, चेहरा कुणाचा?



रात्रपाळी सुटली. सूतगिरणीच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. शेजारच्या पोराच्या मोबाइलवर एक बाई तोंड रंगवत होती. पापणीपासून भुवईपर्यंत चंदेरी निळा रंग, गालावरून कानशिलापर्यंत ओढलेली लाली, ओठ तेल चोपडल्यासारखे चमचमते. मागं डिस्कोचं गाणं. सत्तरचं दशक परत आलंय म्हणे. काय ते दिवस होते, असं ती हळहळून सांगत होती. वय असेल बावीस-तेवीस. ज्या दिवसांत ती जन्मलीच नव्हती, त्यांच्यासाठी तिचा जीव तळमळत होता.

मीही तेव्हा जन्मलो नव्हतो. पण डोक्यात एक किडा शिरला. त्या चमचमत्या दिवसांत काळ्या तोंडांचं काय चाललं होतं? मिळेल ते वाचत गेलो. हाती लागलं ते मांडतो.

ही चमक इंग्लंड-अमेरिकेतली. १९७३ साली डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकानं तोंडावर लाल-निळी वीज रंगवली. १९७७ साली न्यूयॉर्कात स्टुडिओ ५४ नावाचं नाचघर उघडलं, तिथं पैसेवाले आणि नामवंत जमले. आज आठवणींचे उमाळे येतात ते ह्यांचेच. पण डिस्को तिथं जन्मलं न्हाई. त्याआधीच ते काळ्या, लॅटिन आणि समलिंगी माणसांच्या क्लबांत नाचत होतं. दिवसा ज्यांना कुणी माणसात धरत नव्हतं, ती माणसं रात्री अंगाला चमक लावून एकमेकांना डोळे भरून बघत होती.

६ ऑक्टोबर १९७४ ही तारीख ध्यानात ठेवा. न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा हाऊस म्हणजे गोऱ्या भद्र संगीताचा गाभारा. तिथं लाबेल हा तीन काळ्या बायांचा गट गायला. पॅटी लाबेल, नोना हेंड्रिक्स आणि सारा डॅश. प्रेक्षकांना निरोप होता, अंगावर काहीतरी चंदेरी घालून या. त्या गाभाऱ्यात काळ्या बायांच्या अशा गटानं पाऊल ठेवायची ही पहिलीच वेळ. ती चांदी नुसती नटण्याची नव्हती, आत शिरण्याची होती.

पण दुकानात काय मिळत होतं? बड्या कंपन्यांचे रंग गोऱ्या कातडीच्या मापाचे. पावडरीतला पांढरा काळ्या कातडीवर बसत न्हाई, राख फासल्यासारखा दिसतो. हे मला पुस्तकानं शिकवलं न्हाई. शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी माझ्या बहिणीच्या तोंडावर तीच पावडर थापली होती आणि वर नाचात मागच्या रांगेत उभी केली होती. ती घरी येऊन मोरीत बसून तोंड घासत राहिली. रंग गेला, घासणं थांबेना.

शिकागोतून काळ्या लोकांचं 'एबनी' मासिक निघायचं. १९५८ पासून त्यांचा फॅशन शो गावोगाव हिंडायचा. मॉडेल पोरी पडद्यामागं दोन-तीन बाटल्यांतले रंग कालवून आपल्या कातडीजोगता रंग तयार करायच्या. मालकीणबाई युनिस जॉन्सन यांनी ते पाहिलं. बड्या कंपन्यांना सांगून बघितलं, त्यांनी मनावर घेतलं न्हाई. मग १९७३ साली जॉन्सन नवरा-बायकोनं स्वतःच 'फॅशन फेअर' हा माल काढला. काळ्या, तपकिरी, गव्हाळ कातडीचा. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७४ मध्ये, अमेरिकन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर पहिल्यांदा काळी मॉडेल आली, बेव्हर्ली जॉन्सन.

मी कुणाला संत करत न्हाई. तो धंदा होता, नफ्यासाठीच होता. त्याच 'एबनी'त कातडी उजळायच्या क्रीमच्या जाहिरातीही छापून यायच्या. पण काळ्या बाईला आरशात राख न दिसता स्वतःचं तोंड दिसलं, ही गोष्ट लहान न्हाई.

आणि आपल्याकडं? १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव उचललं. १९७५ साली बाजारात फेअर अँड लव्हली आली. तिथं काळ्या कातडीला साजेसा रंग, इथं काळी कातडीच पुसायचं मलम! २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांनी जीव घेतला, जगभर काळ्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा कुठं त्या नावातला 'फेअर' गेला. जागी आला 'ग्लो'. म्हणजे पुन्हा चमकच!

त्या दशकाचा शेवट कसा झाला, ते मोबाइलवरची बाई सांगत न्हाई. १२ जुलै १९७९, शिकागोचं कोमिस्की पार्क मैदान. डिस्कोची तबकडी आणा आणि ९८ सेंटात बेसबॉलची मॅच बघा, असा पुकारा. दोन मॅचच्या मध्ये मैदानात तबकड्यांचा ढीग स्फोटानं उडवला. हजारो माणसं, बहुतेक गोरी पोरं, मैदानात घुसली. दुसरी मॅच झालीच न्हाई. तिथं कामाला असलेल्या व्हिन्स लॉरेन्स या काळ्या पोरानं पुढं सांगितलं, की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या काळ्या गायकांच्याही होत्या. म्हणजे राग कशावर होता, बघा. त्याच शहरात पुढं हाऊस संगीत उभं राहिलं, आणि उभं करणाऱ्यांत हा पोरगाही होता.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, लाली-पावडरीचा इतिहास कशाला? चळवळीची कामं काय कमी हायेत? त्यांना सांगतो, डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेब बायांशी बोलले ते लुगडं आणि दागिन्यांबद्दल. अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाका, लुगडं इतर बायांसारखं नेसा. अंगावर काय असावं हे दुसऱ्यानं ठरवायचं न्हाई, हा त्यातला मुद्दा. महाडात बायांनी ओझं उतरवलं. न्यूयॉर्कात बायांनी चांदी चढवली. हक्क एकच.

म्हणून ज्याला सत्तरची चमक परत आणायची त्यानं खुशाल आणावी. फक्त चमकीबरोबर तो चेहराही आणा. माझी बहीण आता कामावर जाताना गडद तांबडी लिपस्टिक लावते. शेजारणी म्हणतात, काळ्या तोंडाला शोभत न्हाई. ती आरशात बघते, आणखी एक हात फिरवते, आणि पाळीला निघते.