इंजिनाची शक्ति आणि तिचा मेळ

पुण्याहून मुंबईच्या रस्त्यानें दापोडी ओलांडली कीं पिंपरी-चिंचवडचे कारखाने लागतात. नाशिकच्या रस्त्यानें गेल्यास चाकण लागतें. या पट्ट्यांत मोटारी तयार होतात हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु एकदां तयार झालेल्या इंजिनाची शक्ति वाढवितांना काय करावें लागतें, हा इतिहास तितकासा परिचित नाहीं.

टेल्को कंपनीनें 1966 च्या सुमारास पिंपरीस आपलें कार्य आरंभिलें. सुमंत मुळगांवकर हे त्याचे कर्णधार. मोटारी बनविणारीं यंत्रें व सांचे आपण स्वतःच घडवावे, या धोरणानें तेथें कामाचा पाया घातला गेला. पुढें 1991 मध्यें ‘सिएरा’ व 1994 मध्यें ‘सुमो’ या गाड्या निघाल्या. त्यांच्या डिझेल इंजिनाचें आकारमान 1948 घन सेंटिमीटर, आणि शक्ति 60 ते 70 अश्वशक्तींच्या दरम्यान. 1998 मध्यें ‘सफारी’ आली. आकारमान तेंच, शक्ति मात्र 90 च्या आसपास! ही वाढ आली कोठून?

उत्तर आहे टर्बोचार्जर. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें 1905 मध्यें या कल्पनेचें पेटंट मागितलें. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतें, आणि तें सिलिंडरांत अधिक हवा कोंबतें. दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलरमध्यें ती थंड करावयाची. हवा अधिक, म्हणजे इंधनही अधिक जाळतां येतें.

पण खरें काम येथूनच सुरू होतें. हवेच्या मानानें इंधन फार झालें, तर काळा धूर निघतो आणि धुराचें तपमान चढतें. इंधन सोडण्याची वेळ चुकली, तर पिस्टनावर व हेड गॅस्केटवर भलताच ताण येतो. टर्बोच्या बेअरिंगांस तेल कमी पडलें, तर तीं झिजतात. म्हणून इंधनपंप, वेळ, तेल व पाणी या सर्वांचा मेळ पुन्हां जमवावा लागतो. इंजिन शक्तिमापक यंत्रास जोडून, भार वाढवीत, प्रत्येक गतीवर तें तपासतात. अशा परीक्षांसाठीं 1966 मध्यें स्थापन झालेली ‘ए.आर.ए.आय.’ ही संस्था पुण्यांत वेताळ टेकडीवर आहे.

आज हा मेळ संगणकाच्या स्मृतींत असतो, आणि तो बदलून शक्ति वाढवून देणारे कारागीर शहरोशहरीं आहेत. शर्यतीच्या मैदानावर यास जागा आहे. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगन कंपनीनें 2010 मध्यें भरविलेल्या ‘पोलो कप’ शर्यतींत 130 अश्वशक्तींचीं डिझेल इंजिनें धावलीं. सार्वजनिक रस्त्याची गोष्ट निराळी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानें, कांहीं मान्य अपवाद सोडल्यास, कारखानदारानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी 2019 मध्यें हेंच बजाविलें.

यांत केवळ कायद्याची कटकट पाहूं नये. शक्ति वाढली तरी ब्रेक, टायर व गिअर तेच राहतात. आणि रस्त्यावर आपल्याशिवाय इतरही माणसें असतात. पिंपरीच्या इंजिनाचा इतिहास हेंच सांगतो: शक्ति एका भागानें वाढविली, तरी ती पेलावी लागते सगळ्या गाडीला.