वाळवीने पिकवलेली अळंबी

पावसाळ्यात पनवेल-कर्जतच्या बाजारांत आदिवासी बायका पानांवर रानअळंबीचे वाटे मांडून बसतात. धिंगरी किंवा बटण अळंबी शेडमध्ये वर्षभर पिकते. वारुळावर उगवणारी ही जात मात्र व्यापारी शेतीत आणणे माणसाला अजून साधलेले नाही. तिची शेती वाळवी करते.

या शेतीची पहिली शास्त्रीय नोंद दक्षिण भारतातली आहे. लिनियसचा शिष्य योहान क्यॉनिग याने तंजावर प्रांतातील वारुळे खणली आणि आतल्या बुरशीचे वर्णन १७७९ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. तंजावरच्या गादीवर तेव्हा भोसले घराणे होते. दोनच वर्षांनी हेन्री स्मेथमन याने आफ्रिकेतील वाळवीविषयीचा वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला; वारुळातले पांढरे मणी त्यालाही दिसले होते. या बुरशीला ‘टर्मिटोमायसिस’ हे स्वतंत्र कुलनाम मिळायला मात्र १९४२ साल उजाडले. ते दिले फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम याने.

हा व्यवहार मोठा विलक्षण आहे. कामकरी वाळवी वाळका पाला व लाकूड खाते आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेतून वारुळाच्या पोटात स्पंजासारखे पोळे रचते. त्यावर बुरशी वाढते. लाकडातील चिवट घटक फोडण्याचे काम बुरशी करते, आणि तिचे पांढरे मणी व मऊ झालेले जुने पोळे वाळवी खाते. मण्यांतील बीजाणू वाळवीच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात व नव्या थरात पुन्हा रुजतात. पेरणी आणि जेवण एकाच क्रियेत उरकते! आफ्रिकेच्या जंगलात सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी ही शेती सुरू झाली, असे आनुवंशिक अभ्यास सांगतात. माणसाची शेती जेमतेम १२ हजार वर्षांची.

पाऊस मुरला की पोळ्यातून मुळासारखा लांब देठ निघतो, टोकदार माथ्याने माती भेदतो आणि वर छत्री उघडते. श्रावणात नागपंचमीला लोक ज्या वारुळाला दूध-लाह्या वाहतात, त्यावर कधी कधी हाच नैवेद्य आपोआप उगवलेला असतो. तळकोकणात व गोव्यात तर सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते.

छत्रीचे प्रयोजन केवळ भाजीपुरते नाही. पहिल्या पावसात उडालेली पंखवाली वाळवी नवे घर करते, पण आपल्याकडच्या बहुतेक जातींत ती बुरशीचे बियाणे सोबत नेत नाही. काही आठवड्यांनी तिची पहिली कामकरी पिल्ले बाहेर पडतात आणि आसपास पडलेले बीजाणू गोळा करतात. ते बीजाणू जुन्या वारुळावरच्या उमललेल्या छत्रीतून आलेले असतात. बाजारात भाव मात्र मिटलेल्या कळीला जास्त. कळी खुडली की बीजाणू पडत नाहीत. तरीही दोष खुडणारीवर ढकलणे सोपे आणि अन्यायाचे. वारूळ शाबूत असेल तर पुढच्या वर्षी छत्री पुन्हा येऊ शकते.

मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई आखली गेली. भातखाचरे, बांध, माळ यांचे भूखंड झाले. भूखंड सपाट करताना झाडांची गणती होते, त्यांच्या तोडीला परवानगी लागते. वारुळासाठी नोंदवहीत रकानाच नाही.