अस्थानिक गर्भधारणा : निदान आणि उपचार

कोलकाता येथे ३ ऑक्टोबर १९७८ रोजी डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. मातेच्या बीजवाहिन्या निकामी असल्याने गर्भ थेट गर्भाशयात सोडण्यात आला होता. बीजवाहिनी सदोष असल्यास गर्भ तिच्यातच रुजण्याचा संभव वाढतो. यालाच अस्थानिक गर्भधारणा म्हणतात. टेस्ट ट्यूब तंत्रानेही हा धोका पूर्णतः टळत नाही. असा गर्भ गर्भाशयात हलवता येत नाही आणि नळी फुटल्यास अंतर्गत रक्तस्रावाने मातेचा जीव धोक्यात येतो.

पाळी चुकल्यानंतर ओटीपोटात एका बाजूस वेदना, रक्तस्राव, भोवळ अथवा खांदेदुखी उद्भवल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. रक्तातील बीटा-एचसीजी या संप्रेरकाचे प्रमाण आणि योनीमार्गे केलेली सोनोग्राफी यांवरून निदान होते.

नळी शाबूत, प्रकृती स्थिर व संप्रेरकाचे प्रमाण कमी असल्यास मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देतात. त्यानंतर हे प्रमाण नाहीसे होईपर्यंत रक्ततपासणी आवश्यक असते. अन्यथा दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करतात. नळी फुटल्यास तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय होय. दुसरी नळी निरोगी असल्यास पुन्हा मातृत्व शक्य असते. मात्र पुढील गर्भारपणी सोनोग्राफी लवकर करून घ्यावी.