गिऱ्हाइकाची साक्ष

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या घरात एक पेच पडला. धाकट्या लेकीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घेणं भाग पडलं. साठ-पासष्ट हजारांचा खर्च. आमच्यासारख्या घरात एवढी रक्कम सहज निघत नाही. त्यातून निवड चुकली, तर पुढची पाच वर्षं तीच चूक मांडीवर घेऊन बसायची. पोरीनं शोधाशोध करून दोन मॉडेल्स नक्की केली. किंमत जवळपास सारखी, दिसायलाही सारखीच. मग ती गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचायला बसली आणि तिथंच गाडं अडलं.

पहिल्या मॉडेलबद्दल एक जण लिहितो, बॅटरी दिवसभर पुरते. त्याच्या खालचा लिहितो, तीन तासांत मान टाकते. एकाला स्क्रीन लख्ख वाटते, दुसऱ्याला मळकट. दुसऱ्या मॉडेलचीही तीच तऱ्हा. ‘डोळे मिटून घ्या’ आणि ‘पैसे पाण्यात गेले’ ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर. रात्री अकरा वाजता ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “अब्बा, यातलं खरं कोण बोलतंय?”

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. लॅपटॉपच्या पोटात काय असतं ते मला कळत नाही. पण तिचा प्रश्न ओळखीचा वाटला. वस्तू आपण पाहिलेली नाही. ज्यांनी पाहिली त्यांच्यावर विसंबायचं आहे. आणि त्यांचं आपसात पटत नाही. माणसाला हा पेच फार पूर्वीपासून पडत आला आहे. त्याचीच थोडी हकिगत आज सांगतो.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक लहानशी विटकूर आहे. आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन नगरातली, इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराची. तिच्यावर कीलाकार लिपीत नन्नी नावाच्या गिऱ्हाइकानं एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिलं आहे. तू चांगला माल देतो म्हणालास आणि हलका माल पुढे केलास, माझ्या माणसांना अपमान करून रिकाम्या हातानं परत पाठवलंस, आता मी माझ्या अंगणात एकेक लगड पारखून घेईन, असा त्याचा आशय आहे. जगातली सर्वात जुनी ग्राहक-तक्रार म्हणून ही विटकूर आता प्रसिद्ध आहे.

मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एकट्या नन्नीचं पत्र सापडलं असतं, तर आपण म्हणालो असतो, असेल एखादा तापट माणूस. पण पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांच्या उत्खननात जे घर या व्यापाऱ्याचं असावं असं मानलं गेलं, तिथं तांब्याच्या व्यवहाराबद्दल कुरकुर करणारी इतरांचीही पत्रं मिळाली. एकाची तक्रार आणि एकमेकांवर न विसंबलेल्या अनेकांची तक्रार, यांचं वजन सारखं नसतं. मात्र ज्यांना चांगलं तांबं मिळालं, त्यांनी विटकुरी लिहिल्या होत्या की नाही, कोण सांगणार? समाधानी गिऱ्हाईक बहुधा गप्पच बसतं.

साक्ष तोलण्याचं याहून काटेकोर शास्त्र मला घरातच ऐकायला मिळालं होतं. माझे वडील संध्याकाळी उर्दू किताब वाचत बसायचे. पैगंबरसाहेबांच्या वचनांच्या, म्हणजे हदीसच्या, परंपरेत प्रत्येक वचनाआधी नावांची साखळी असते. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं आणखी कुणाकडून. बुखाऱ्यात जन्मलेले इमाम बुखारी (इ.स. ८१० ते ८७०) यांच्यासारख्या संग्राहकांनी आणि त्यांच्या आधी-नंतरच्या विद्वानांनी या साखळीतला एकेक माणूस तपासला. तो कधी जन्मला, कुठं राहिला, ज्याचं नाव सांगतो त्याला भेटला होता का? या तपासणीला ‘जर्ह व तादील’ म्हणतात. तादील म्हणजे साक्षीदार विश्वासू ठरवणं. जर्हचा मूळ अर्थ जखम करणं. हिंदी-उर्दूत उलटतपासणीला जो ‘जिरह’ शब्द आहे, तो त्याचाच भाऊबंद.

धर्माची गोष्ट मला लॅपटॉपच्या दुकानात नेऊन ठेवायची नाही. पण तोलण्याची ही रीत कुणालाही उपयोगी पडावी अशी आहे. पहिली बाब म्हणजे प्रामाणिकपणा आणि अचूकपणा हे दोन वेगळे गुण मानले गेले. माणूस सज्जन असेल, खोटं बोलणार नाही, पण त्याची स्मरणशक्ती कच्ची असेल तर त्याची साक्ष कच्चीच. दुसरी बाब, म्हातारपणी ज्यांची स्मृती ढळली, त्यांचं आधीचं कथन स्वीकारलं आणि नंतरचं बाजूला ठेवलं. म्हणजे साक्ष कोणाची, याबरोबरच ती केव्हाची हेही पाहिलं. तिसरी बाब, समकालीन प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांवर केलेली टीका सावधपणे घेतली.

आणि चौथी बाब तर थेट माझ्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर होती. एकाच माणसाला कुणी चांगलं म्हणतो, कुणी वाईट, तेव्हा काय करायचं? तेराव्या शतकातल्या इब्न अस्-सलाह यांच्या ग्रंथात याची चर्चा आहे. स्तुतीला कारण सांगितलं नाही तरी चालतं, कारण चांगुलपणाची कारणं किती म्हणून मोजायची? निंदेला मात्र कारण हवं; नुसतं ‘वाईट’ म्हणून भागणार नाही. पण कारणासकट केलेली टीका स्तुतीपेक्षा भारी, कारण स्तुती करणाऱ्याला जे दिसलं नाही, ते टीका करणाऱ्यानं पाहिलेलं असू शकतं.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रानंही हाच विचार केला. तिथं शब्द हे ज्ञानाचं एक प्रमाण आहे, पण तो आप्ताचा शब्द हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर सांगतात की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

आता आधुनिक काळाकडे येऊ. छापखाना आला, वर्तमानपत्रं आली आणि साक्षीदाराचा चेहरा दिसेनासा झाला. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यानं १८५५ मध्ये ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हा संग्रह पदरचे पैसे घालून काढला आणि त्याच वर्षी निनावी राहून स्वतःच्याच पुस्तकाची परीक्षणं लिहिली. एक नव्हे, निदान तीन. कवी थोर, संग्रहही थोर, पण साक्ष खोटी. आमच्या जमातीचा हा दोष मी लपवत नाही.

या रोगावर एक मोठा उतारा अमेरिकेतच निघाला. १९३६ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ ही संस्था स्थापन झाली. दूध, साबण, पायमोजे अशा रोजच्या वस्तूंपासून तिनं सुरुवात केली. रीत साधी होती. वस्तू बाजारातून गिऱ्हाइकासारखी विकत घ्यायची, प्रयोगशाळेत तपासायची, निष्कर्ष मासिकात छापायचा आणि कुणाचीही जाहिरात घ्यायची नाही. मुंबईत १९६६ मध्ये काही गृहिणींनी पुढाकार घेऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभी केली; तिचं ‘कीमत’ हे नियतकालिक निघालं. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९८६ मध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. गिऱ्हाइकाच्या तक्रारीला कचेरीत बसायला जागा मिळाली.

पण प्रयोगशाळा किती वस्तू तपासणार? १९९५ मध्ये अमेझॉननं इंटरनेटवर पुस्तकांचं दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकांनाच बरं-वाईट लिहायची मुभा दिली. साक्षीदारांची संख्या एकदम लाखांवर गेली, आणि व्हिटमनचे वारसही वाढले. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर तांत्रिक बिघाड होऊन निनावी परीक्षकांची खरी नावं काही दिवस उघडी पडली. त्यात आपल्याच पुस्तकाला दाद देणारे लेखक सापडले. पुढं अभिप्राय विकत मिळू लागले. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक जाहीर केलं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेनं खोट्या अभिप्रायांविरुद्ध नियम केले. नियम चांगलेच आहेत. पण पान उघडल्यावर निर्णय शेवटी वाचणाऱ्यालाच करायचा असतो.

म्हणून त्या रात्री मी लेकीला म्हणालो, “तारे मोजू नकोस. माणसं बघ.” आम्ही एक वही घेतली. ज्यानं लॅपटॉप हातात पडल्याच्या दोन दिवसांत लिहिलं, त्याला बाजूला ठेवलं. माणूस प्रामाणिक असेल, पण बिजागरी, बॅटरी, तापणं यांबद्दल दोन दिवसांत काय कळणार? ‘भंगार’ एवढंच लिहिणाऱ्यालाही बाजूला ठेवलं. खोकं उशिरा आलं म्हणून एक तारा देणाऱ्याची तक्रार खरी होती, पण ती लॅपटॉपबद्दल नव्हती. दोनशेच्या आसपास अभिप्रायांतून तीस-पस्तीस उरले. कशासाठी वापरला, किती महिने वापरला, काय बिघडलं, हे सांगणारे.

मग पहिल्या मॉडेलचं कोडं सुटलं. नाव एकच, पण नावापुढचे आकडे वेगवेगळे होते. एका प्रकारात ४२ वॉट-तासांची बॅटरी आणि साधी स्क्रीन, दुसऱ्यात ५६ वॉट-तासांची बॅटरी आणि रंग नीट दाखवणारी स्क्रीन. अभिप्राय मात्र सगळे एकाच पानावर एकत्र. दिवसभर बॅटरी पुरते म्हणणारा आणि तीन तासांत मान टाकते म्हणणारा, दोघंही खरं बोलत होते. दोघांच्या हातात वेगळ्या वस्तू होत्या.

दुसऱ्या मॉडेलची स्तुती जास्त होती, तारेही जास्त. पण सात वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं होतं की दहा-बारा महिन्यांनी झाकणाची डावी बिजागरी ताठ होते आणि तिथलं प्लास्टिक तडकतं. कोणी पुण्याचा, कोणी कोलकात्याचा. मला एआ-नासिरच्या घरातली पत्रं आठवली.

दुसऱ्या दिवशी लेक दुकानात जाऊन दोन्ही यंत्रांवर टाइप करून आली. कॉलेजातल्या वरच्या वर्गातल्या दोन मुलींना तिनं विचारलं. दुरुस्तीचं केंद्र आमच्या गावात कुणाचं आहे तेही पाहिलं. मग पहिलं मॉडेल घेतलं, मोठ्या बॅटरीचं. चार हजार जास्त पडले.

आठवड्यानं तिला अभिप्राय लिहायचा होता. मी म्हटलं, “थांब, अजून तुला काय ठाऊक आहे?” ती सहा महिने थांबली. जानेवारीत तिनं लिहिलं. मॉडेलचा पूर्ण क्रमांक, वापर आर्किटेक्चरच्या ड्रॉइंगसाठी, रोज पाच-सहा तास. बॅटरी सुरुवातीला सात तास, आता सहा. स्क्रीन उत्तम. मोठी फाइल उघडली की पंख्याचा आवाज येतो, वाचनालयात लाज वाटते. किती तारे द्यायचे यावर ती बराच वेळ अडली आणि शेवटी चार दिले.

परवा कुणीतरी तिला त्याखालीच विचारलं, आवाज फार येतो का? त्यालाही धाकट्या भावासाठी घ्यायचा होता. ती जेवण अर्धं टाकून उठली, सगळ्यात मोठी फाइल उघडली आणि पंख्याशी कान नेऊन बसली. मगच तिनं उत्तर लिहिलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)