हॉकीतील गोल आणि त्यांचा काळ : तुलना कशी करावी?



दिल्लीत इंडिया गेटजवळ मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियम आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात याच मैदानावर ऑस्ट्रेलियाने भारताला ८-० असे हरवले. भारताला रौप्यपदक मिळाले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते आठ गोल. ज्यांच्या नावाचे हे मैदान, त्या ध्यानचंद यांच्या संघाने १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ५ सामन्यांत २९ गोल केले होते आणि एकही गोल स्वीकारला नव्हता. साहजिकच ‘आताचे खेळाडू तेव्हाच्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत’ असे म्हटले जाते. हे विधान आकड्यांच्या कसोटीवर टिकते का, ते पाहू.

१. गोलांचा सुकाळ

१९२८ मध्ये ध्यानचंद यांनी एकट्याने १४ गोल केले. १९३२ ची लॉस एंजेलिसची स्पर्धा तर महामंदीच्या काळात आणि युरोपपासून फार दूर झाली. हॉकीत तीनच संघ होते. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असे हरवले. अमेरिकेविरुद्ध रूपसिंग यांनी १० आणि त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांनी ८ गोल केले. या खेळाडूंच्या कौशल्याबद्दल शंका नाही. मात्र समोरचे संघ नवखे होते आणि १९२८ ते १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा हॉकी संघ उतरलाच नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

२. गोल का आटले?

१९४८ पासून पाकिस्तानचा संघ वेगळा खेळू लागला. बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळताच आकडे कसे बदलतात पाहा : भारत-पाकिस्तान अंतिम सामने १९५६ मध्ये १-०, १९६० मध्ये ०-१ आणि १९६४ मध्ये १-० असे संपले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदान आले, खेळाचा वेग वाढला आणि भारत सातवा आला. पुढे १९९० च्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला व पेनल्टी कॉर्नरवरील ड्रॅग फ्लिकला महत्त्व आले. २०१४ पासून ३५ मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी १५ मिनिटांची चार सत्रे सुरू झाली. म्हणजे खेळाचा वेळच ७० वरून ६० मिनिटांवर आला.

तरीही हा उतार सरळ रेषेत नाही. १९८० मध्ये मॉस्कोत अनेक देशांनी बहिष्कार टाकला, तेव्हा भारताने टांझानियाला १८-० असे हरवले. समोर कोण आहे, याचा परिणाम इतका मोठा असतो.

३. दोन मोजमापे

| ऑलिंपिक | खेळाडू | संघाचे सामने | खेळाडूचे गोल | संघाचे गोल | दर सामन्याला गोल | संघातील वाटा |
|---|---|---|---|---|---|---|
| १९२८ | ध्यानचंद | ५ | १४ | २९ | २.८ | ४८% |
| १९३२ | रूपसिंग | २ | १३ | ३५ | ६.५ | ३७% |
| १९५२ | बलबीरसिंग (सीनियर) | ३ | ९ | १३ | ३.० | ६९% |
| २०२४ | हरमनप्रीतसिंग | ८ | १० | १५ | १.२५ | ६७% |

दर सामन्याला गोल हे माप लावले तर हरमनप्रीत सर्वांत खाली जातात. संघाच्या गोलांतील वाटा पाहिला तर ते बलबीरसिंग यांच्या जवळ पोहोचतात आणि पहिल्या मापात अव्वल असलेले रूपसिंग शेवटी येतात. तुमच्यापैकी अनेकांनी जेईई मेन दिली असेल. वेगवेगळ्या सत्रांतील प्रश्नपत्रिका कमीजास्त अवघड असतात, म्हणून तिथे नुसते गुण न पाहता पर्सेंटाइल काढतात. इथेही तत्त्व तेच.

४. या मापाच्या मर्यादा

वाटा म्हणजे गुणवत्ता असे मानू नका. रूपसिंग यांचा वाटा कमी दिसतो, कारण शेजारी ध्यानचंद होते. हरमनप्रीत बचावपटू आहेत; पॅरिसमधले त्यांचे दहाही गोल पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोकवरचे आहेत. आजच्या संघात हे काम ठरावीक खेळाडूकडे सोपवलेले असते, त्यामुळे त्याचा वाटा वाढतो. शिवाय दोन-तीन सामन्यांवरून काढलेली टक्केवारी एका सामन्यानेही हलते.

तेव्हा कोणाचाही विक्रम वाचताना तीन गोष्टी विचारा : त्या स्पर्धेत एकूण गोल किती झाले, समोर कोण होते आणि नियम कोणते होते? याने ध्यानचंद यांचे मोठेपण उणावत नाही. आज ६० मिनिटांत, तुल्यबळ संघाविरुद्ध एक गोल मिळवणाऱ्याचे श्रम मात्र नीट मोजले जातात.

स्वाध्याय : १९३२ च्या जपानविरुद्धच्या सामन्यात भारताच्या ११ गोलांपैकी रूपसिंग यांचे ३ होते. अमेरिकेचा सामना वगळून त्यांचा वाटा काढा. वरच्या तक्त्यातील आकड्याशी ताडून पाहा आणि फरकाचे कारण चार ओळींत लिहा.