पेंटबॉल आणि एअरसॉफ्ट : युद्धसदृश क्रीडाप्रकारांचा उदय आणि त्यांच्या नियमांची जडणघडण

प्रस्तावना :

युद्धाचे अनुकरण करणारे खेळ मानवी समाजाला नवे नाहीत. बुद्धिबळाचा पट, दांडपट्ट्याचा आखाडा आणि मुलांची लुटुपुटूची लढाई या सर्वांत युद्धाची छाया आढळते. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर प्रत्यक्ष गोळी झाडायची आणि तरीही त्याने सुखरूप घरी परतावे, ही कल्पना आधुनिक काळाची आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी मेणाच्या गोळ्या वापरून पिस्तुलाच्या द्वंद्वाची प्रात्यक्षिके झाली होती. त्यात भाग घेणाऱ्यांनी चेहऱ्यावर मुखवटा आणि अंगावर जाड संरक्षक कोट घातला होता. तो प्रयोग पुढे रुजला नाही. परंतु 'आधी मुखवटा, मग गोळी' हे सूत्र त्यात स्पष्ट दिसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेंटबॉल आणि एअरसॉफ्ट हे दोन खेळ उदयास आले आणि जगभर पसरले. लोणावळ्यासारख्या पर्यटनस्थळीही आज पेंटबॉल खेळता येतो. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या सहली आणि साहस शिबिरे यांच्या संदर्भात हा विषय महाविद्यालयीन प्राध्यापकांसमोर केव्हाही येऊ शकतो. हे खेळ हिंसेचे शिक्षण देतात की शिस्तीचे, असा प्रश्न अशा वेळी विचारला जातो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. पेंटबॉल आणि एअरसॉफ्ट यांच्या उगमाची सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. दोन्ही खेळांतील सुरक्षाविषयक नियम कसे घडत गेले, याचा आढावा घेणे.
३. नवोदित खेळाडू व आयोजक यांच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व विशद करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित माहिती आणि विविध देशांतील कायद्यांच्या तरतुदी यांचा आधार घेतला आहे.

पेंटबॉलचा उगम : वनखात्याचे अवजार ते खेळ

पेंटबॉलचे मूळ रणांगणावर नाही, तर जंगलात आणि गुरांच्या कुरणात आहे. तोडावयाच्या झाडांवर दुरूनच खूण करता यावी, तसेच कळपातील विशिष्ट जनावर ओळखता यावे, यासाठी अमेरिकेत रंगगोळी झाडणारे साधन वापरात आले. मिशिगन राज्यातील नेल्सन पेंट कंपनीने डेझी या हवाई बंदुका बनविणाऱ्या कंपनीकडून तयार करून घेतलेले 'नेल-स्पॉट ००७' हे असेच साधन होय. औषधांच्या जिलेटिन कॅप्सूल ज्या तंत्राने तयार होतात, त्याच तंत्राने रंग भरलेली गोळी तयार होऊ लागली. या खेळात आजही साधनाला 'बंदूक' न म्हणता 'मार्कर', म्हणजे खूण करणारे साधन, असे म्हणण्याची प्रथा आहे. तिचे मूळ या इतिहासात आहे.

लेखक चार्ल्स गेन्स आणि न्यूयॉर्कमधील शेअर दलाल हेस नोएल या मित्रांमध्ये एक वाद होता. शहरात व्यवहारचातुर्याने जगणारा माणूस जंगलात तग धरेल, की जंगलाची सवय असलेला माणूसच तेथे वरचढ ठरेल, असा तो वाद होता. तो प्रत्यक्ष कसोटीने सोडवावा, या हेतूने बॉब गर्न्सी यांच्या साहाय्याने २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे पहिला सामना घेण्यात आला. त्यात १२ जण सहभागी झाले. जंगलात ठेवलेल्या चार वेगवेगळ्या रंगांच्या निशाणांपैकी प्रत्येकी एक मिळवून, अंगावर रंग न लागता बाहेर पडायचे, असे खेळाचे स्वरूप होते. रिची व्हाइट हा वनव्यवसायातील माणूस विजयी ठरला. विशेष म्हणजे त्याने एकही गोळी झाडली नव्हती.

ही घटना केवळ गमतीदार नाही. खेळाचे ध्येय गोळी मारणे हे नसून निशाण मिळविणे हे होते. गोळी हा त्यातील अडथळा होता. पुढे गर्न्सी यांनी 'नॅशनल सर्व्हायव्हल गेम' या नावाने खेळाचा व्यावसायिक प्रसार केला. त्यातून संघ, मैदाने आणि पंच यांची व्यवस्था उभी राहिली. सुरुवातीचा तैलरंग जाऊन पाण्याने धुता येणारा रंग आला. एकेक गोळी झाडणाऱ्या मार्करच्या जागी स्वयंभरणाचे आणि १९९० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक मार्कर आले. याच दशकात हवेने फुगविलेल्या आडोशांची आखीव मैदाने प्रचारात आल्याने हा खेळ जंगलाबाहेर पडून प्रेक्षकांसमोर आला.

एअरसॉफ्टचा उगम : बंदूकबंदीच्या देशातील प्रतिकृती

एअरसॉफ्टची कथा याच्या अगदी उलट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नागरिकांच्या शस्त्रधारणेवर कडक निर्बंध आले आणि १९५८ च्या कायद्याने ते दृढ झाले. खरी बंदूक मिळणे दुरापास्त झाल्याने हुबेहूब प्रतिकृतींचा छंद वाढीस लागला. या प्रतिकृतींचा गैरवापर होऊ लागल्यावर १९७१ आणि १९७७ मध्ये धातूच्या प्रतिकृतींवरही बंधने आली. प्लॅस्टिकच्या, स्प्रिंग वा वायूच्या दाबाने ६ मिलिमीटर व्यासाची हलकी गोळी फेकणाऱ्या प्रतिकृती त्यानंतर लोकप्रिय होत गेल्या. १९९१ मध्ये तोक्यो मारुई कंपनीने विजेच्या मोटारीवर चालणारी फामास रायफलची प्रतिकृती बाजारात आणली आणि या खेळाला खऱ्या अर्थाने गती मिळाली.

म्हणजेच पेंटबॉल हा शस्त्रे सुलभ असलेल्या देशात एका शेतकी अवजारातून जन्मला, तर एअरसॉफ्ट हा शस्त्रे दुर्लभ असलेल्या देशात शस्त्राच्या आकर्षणातून जन्मला. एकाचे साधन बंदुकीसारखे दिसण्याची गरज नव्हती; दुसऱ्याचे आकर्षणच त्या सादृश्यात होते.

पुरावा आणि सचोटी

या भेदाचा परिणाम नियमांवर झाला. पेंटबॉलमध्ये गोळी फुटून रंग उमटतो. त्यामुळे खेळाडू बाद झाला की नाही, हे पंचाला पाहता येते आणि रंग पुसणे ही फसवणूक मानली जाते. एअरसॉफ्टची गोळी सामान्यतः कोणतीही खूण सोडत नाही. ती लागलेल्या खेळाडूने स्वतःच हात वर करून 'हिट' असे म्हणत बाहेर पडायचे असते. पेंटबॉलची शिस्त पुराव्यावर, तर एअरसॉफ्टची शिस्त खेळाडूच्या सचोटीवर उभी आहे. जो आपला पराभव स्वतःहून जाहीर करू शकत नाही, त्याच्यासाठी एअरसॉफ्ट हा खेळ नाही.

वेग, ऊर्जा आणि डोळा

दोन्ही खेळांतील सर्वांत गंभीर धोका डोळ्यांना आहे. प्रचलित पेंटबॉल ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ३ ग्रॅम वजनाचा असतो. त्याच्या वेगाची सर्वमान्य मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर आहे. या वेगाला त्याची ऊर्जा सुमारे १२ ज्यूल भरते. एअरसॉफ्टची ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९९ मीटर वेगाने गेली, तरी तिची ऊर्जा १ ज्यूलच्या आसपासच राहते. वेग जवळजवळ सारखा असूनही ऊर्जा बारापट भिन्न आहे. म्हणून एअरसॉफ्टसाठी घेतलेला चष्मा पेंटबॉलला चालत नाही. उलट, एअरसॉफ्टची गोळी लहान असल्याने ती डोळ्याच्या खोबणीत थेट शिरू शकते. तिची ऊर्जा कमी आहे म्हणून तिला निरुपद्रवी समजणे ही गंभीर चूक ठरते.

१९८० च्या दशकापासून नेत्रवैद्यकीय नियतकालिकांत पेंटबॉलमुळे झालेल्या इजांची नोंद होऊ लागली. डोळ्यात रक्तस्राव होणे, दृष्टिपटल निसटणे, कायमचे अंधत्व येणे असे त्यांचे स्वरूप होते. यांतील अनेक इजा खेळाडूने मुखवटा घातलेला नसताना वा क्षणभर काढला असताना झाल्या होत्या. या अनुभवातूनच मुखवट्यांसाठी एएसटीएम एफ १७७६ हे स्वतंत्र मानक तयार झाले.

राज्यसंस्था आणि खेळ

समाजातील हिंसेचे पडसाद या खेळांवर वेळोवेळी उमटले. जपानमध्ये २००५ साली बदल केलेल्या हवाई बंदुकांनी धावत्या वाहनांवर गोळ्या झाडण्याचे प्रकार घडले आणि २००६ च्या कायदेदुरुस्तीने ६ मिलिमीटरच्या गोळीसाठी सुमारे ०.९८ ज्यूलची मर्यादा आली. ब्रिटनमध्ये २००६ च्या हिंसक गुन्हे नियंत्रण कायद्याने हुबेहूब प्रतिकृतींची विक्री रोखली, तथापि एअरसॉफ्ट खेळाडूंना सवलत दिली. जर्मनीत मार्च २००९ मधील विनेनडेन येथील शाळेतील हत्याकांडानंतर पेंटबॉलवर बंदीचा प्रस्ताव पुढे आला, पण तो मागे घेण्यात आला. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने खेळण्यातील बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण आवश्यक केली. ही खूण किती मोलाची आहे, हे २०१४ मध्ये क्लीव्हलँड येथे दिसून आले. नारिंगी टोक नसलेली एअरसॉफ्ट प्रतिकृती जवळ असलेला १२ वर्षांचा मुलगा तेथे पोलिसांच्या गोळीने मृत्युमुखी पडला. मैदानावर खेळणे असलेली वस्तू रस्त्यावर खेळणे राहत नाही, हा या घटनेचा कठोर अर्थ आहे.

नवोदितांसाठी इतिहासाचा अर्थ

मैदानावर प्रथमच येणाऱ्या खेळाडूला ठरावीक क्रमाने सूचना दिल्या जातात. मुखवटा खेळाच्या हद्दीत कोणत्याही कारणास्तव काढू नये. क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्राने साधनाची तपासणी झाल्याशिवाय आत जाऊ नये. हद्दीबाहेर नळीवर आवरण चढवावे. अगदी जवळून गोळी झाडू नये. गोळी लागताच हात वर करून बाहेर पडावे. नवोदितास या सूचना कंटाळवाण्या वाटतात. वस्तुतः त्यांतील प्रत्येक सूचनेमागे इजा, वाद वा दुर्घटना यांचा अनुभव आहे.

यावरून खरेदीचा क्रमही ठरतो. पहिले काही सामने भाड्याच्या साधनांनी खेळावेत, स्वतःचा पैसा प्रथम उत्तम मुखवट्यावर खर्च करावा आणि मार्कर शेवटी घ्यावा. जिलेटिनचे कवच दमट हवेत फुगते व नरम पडते. त्यामुळे कोकण वा घाटमाथ्यावरील पावसाळ्यात पेंटबॉल हवाबंद डब्यात ठेवणे अगत्याचे आहे. आयोजकाने साधने आणण्यापूर्वी शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांतील तरतुदी तपासून घेतल्या पाहिजेत.

निष्कर्ष :

१. पेंटबॉल व एअरसॉफ्ट यांचे उगम परस्परविरुद्ध परिस्थितीत झाले, तरी दोन्ही खेळ टिकले ते साधनांच्या प्रगतीपेक्षा नियमांच्या प्रगतीमुळे.
२. पेंटबॉलने दृश्य पुराव्यावर आणि एअरसॉफ्टने सचोटीवर आधारित शिस्त विकसित केली. शैक्षणिक दृष्ट्या दुसरी अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक मोलाची आहे.
३. हे खेळ हिंसेचे की शिस्तीचे, याचे उत्तर साधनात नसून मैदानाच्या व्यवस्थेत आहे. मुखवटा, वेगमापन आणि निष्पक्ष पंच यांपैकी एकाचाही अभाव असेल, तर महाविद्यालयाने आपले विद्यार्थी त्या मैदानावर पाठवू नयेत.