कोंबड्यांचा बॉस कोण? 'पेकिंग ऑर्डर'ची शंभर वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

'पेकिंग ऑर्डर' हा शब्द तुम्ही कधी ना कधी ऐकलाच असेल. ऑफिसात कोण कोणाला झापतो, हॉस्टेलमध्ये बादली आधी कोणाची लागते, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाच्या फालतू जोकलासुद्धा सगळे हसतात... असलं काही दिसलं की लोक म्हणतात, इथली पेकिंग ऑर्डरच तशी आहे बाबा. पण हा शब्द कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकातून आलेला नाही बरं का. तो आलाय थेट खुराड्यातून. आणि तो शोधला एका शाळकरी पोराने!

वही घेऊन बसलेला पोरगा

गोष्ट आहे नॉर्वेची. १८९४ साली तिथे थॉर्लीफ शेल्डरुप-एबे नावाचा मुलगा जन्मला. आईवडील दोघंही शिल्पकार. उन्हाळ्यात हे कुटुंब गावाकडच्या घरी राहायला जायचं, आणि तिथे होत्या कोंबड्या. बाकीची पोरं कोंबड्यांच्या मागे पळतात. हा मात्र त्यांच्यासमोर बसून राहायचा. दहाएक वर्षांचा असेल, तेव्हापासून त्याने वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली: कोणी कोणाला टोचलं.

बस, एवढंच. कोणी कोणाला टोचलं.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय विशेष? दाणे टाकले की कोंबड्या एकमेकींना टोचतातच, आपल्या आजीलाही ते माहीत होतं. पण आजीला दिसायची ती 'टोचाटोच'. ह्या पोराला त्यात शिस्त दिसली. 'अ' कोंबडी 'ब'ला टोचते, पण 'ब' कधी उलटून 'अ'ला टोचत नाही. 'ब' तोच राग 'क'वर काढते. आणि सगळ्यात खाली एक बिचारी असते, जिला सगळ्या टोचतात आणि जी कोणालाच टोचत नाही. उतरंडीत मडक्यावर मडकं ठेवावं, तसं.

ह्यासाठी काय लागतं, विचार करा. प्रत्येक कोंबडी वेगळी ओळखता यायला हवी. आपल्याला सगळ्या सारख्याच दिसतात. त्याला त्यांचे तुरे, चाल, स्वभाव पाठ होते. दहा कोंबड्या असतील तर जोड्या होतात ४५. म्हणजे ४५ नात्यांचा हिशोब वहीत!

आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे हा हिशोब कोंबड्यांच्या डोक्यातही असतो. 'ही मला भारी, ती मला हलकी' हे प्रत्येकीला पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच रोज मारामारी होत नाही. पहिल्या भेटीत एकदा काय ते ठरतं, मग नुसती मान ताठ केली, एक नजर टाकली, तरी समोरची बाजूला होते.

उतरंड नेहमी सरळ नसते

हाच पोरगा पुढे प्राणिशास्त्र शिकला. १९२१ मध्ये त्याने कोंबड्यांच्या रोजच्या जगण्यावर प्रबंध लिहिला आणि १९२२ मध्ये एका जर्मन मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्याचा गाजलेला लेख आला. जर्मन भाषेत ह्या क्रमाला जो शब्द होता, त्याचंच इंग्रजीत 'पेकिंग ऑर्डर' झालं.

त्या अभ्यासात काही फार मजेशीर गोष्टी आहेत. एक म्हणजे त्रिकोण. 'अ' टोचते 'ब'ला, 'ब' टोचते 'क'ला, आणि 'क' टोचते... चक्क 'अ'ला! दगड-कागद-कात्रीसारखं. असं का होतं? कारण वरचं स्थान नुसत्या ताकदीवर ठरत नाही. पहिली गाठ पडली तेव्हा एखादी आजारी होती, दमलेली होती, नव्या जागेत बावरलेली होती, तर ती हरते. आणि ते हरणं पुढे महिनोन् महिने चिकटून राहतं. नंतर ती धडधाकट झाली तरी!

शिवाय परिस्थितीने स्वभाव बदलतो. खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांवरून उठून पिल्लं घेऊन बाहेर पडली, की बघा तिचा रुबाब. एरवी कोपऱ्यात दबून असणारी बाई अंगावर धावून जाते, कुत्र्यालासुद्धा सोडत नाही. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना हे सांगायलाच नको.

आणि कोंबड्याचं काय? नर आणि माद्यांची उतरंड साधारण वेगवेगळी चालते. कोंबड्यांमध्ये आपापसात वेगळीच चुरस. दाणा सापडला की मुख्य कोंबडा 'कुट्-कुट्' करत, मान वरखाली हलवत, तो दाणा उचलतो-टाकतो आणि माद्यांना बोलावतो. दुय्यम कोंबड्याने तसा आवाज काढला तर मार पडणार. मग तो काय करतो? ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वायरी विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅमेरे आणि माइक लावून बघितलं: बॉस जवळ असताना हा पठ्ठ्या फक्त मान हलवतो, आवाज बंद! म्हणजे म्यूटवर व्हिडिओ कॉल. 'कोंबडीएवढी अक्कल' म्हणून आता कोणाला हिणवायच्या आधी विचार करा.

शोधणाऱ्यालाच टोचलं

आता गोष्टीतला कडू भाग.

नॉर्वेत तेव्हा प्राणिशास्त्रात मोठं नाव होतं क्रिस्टीन बॉनेवी यांचं. १९१२ मध्ये नॉर्वेच्या पहिल्या महिला प्राध्यापक झालेल्या ह्या बाई. स्वतः किती टोचे सोसून त्या तिथे पोचल्या असतील, कल्पना करा. सुरुवातीला ह्या तरुणाला त्यांचा आधार होता. मग बिनसलं. त्याच्या मुलाने पुढे सांगितलेली हकिगत अशी, की वर्तमानपत्रात बाईंची टिंगल करणारा मजकूर छापून आला आणि तो ह्यानेच लिहिला असा समज झाला. ही घरच्यांची बाजू आहे, दुसरी बाजू ऐकायला आज कोणी नाही. पण परिणाम मात्र स्पष्ट आहे: त्याला मायदेशात डॉक्टरेट मिळाली नाही. ती घ्यायला जर्मनीत, ग्राइफ्सवाल्डला जावं लागलं. जगभर त्याचा शब्द वापरला जाऊ लागला, आणि त्याला स्वतःच्या देशातल्या विद्यापीठात हवी तशी जागा कधीच मिळाली नाही. १९७६ साली तो वारला.

आणि हाच माणूस पुढे लिहितो, की हुकूमशाही हे जगाचं मूळ तत्त्व आहे. जिथे जीव आहे तिथे कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली असणारच. हे वाक्य कोंबड्या बघून सुचलं की स्वतःचं आयुष्य बघून? मला विचाराल तर, दोन्ही.

तेच खुराडं, दुसरी नजर

त्याच काळात अमेरिकेत, शिकागो विद्यापीठात, वॉर्डर क्लाइड अॅली नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. धर्माने क्वेकर, म्हणजे युद्धाला ठाम विरोध असणाऱ्या पंथाचे. प्राणी एकत्र राहिल्याने एकमेकांना काय फायदा होतो, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांनीही कोंबड्याच घेतल्या!

१९३९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या क्रमांकाच्या कोंबड्यांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली, आणि त्या वर चढल्या. म्हणजे 'जन्मतःच खालची' असं काही नव्हतं. मग १९४४ मध्ये गूल आणि अॅली ह्यांनी एक साधा पण जबरदस्त प्रयोग छापला. काही कळप तसेच ठेवले, त्यांना हात लावला नाही. काही कळपांत मात्र सतत कोंबड्या बदलत राहिले: जुनी काढ, नवी टाक. सतत बदलणाऱ्या कळपात मारामाऱ्या जास्त, खाणं कमी, अंडीही कमी. स्थिर कळपात शांतता.

म्हणजे एका माणसाला उतरंडीत जुलूम दिसला, दुसऱ्याला मारामारी टाळायची सोय दिसली. कोंबड्या त्याच.

गूल ह्यांनी पुढे आणखी एक गोष्ट तपासली. कोंबडीचा तुरा किंवा पिसांचं रूप बदललं, तर तिच्याच मैत्रिणी तिला ओळखत नाहीत. परकी समजून हल्ला करतात! तिची सगळी 'इज्जत' होती ती ओळखीवर.

सुपरकोंबड्यांचं काय झालं?

ह्या गोष्टीचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आला १९९६ मध्ये. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर नावाचे शास्त्रज्ञ अंड्यांसाठी कोंबड्यांची निवड करत होते. नेहमीची पद्धत काय? जास्त अंडी देणारी कोंबडी निवडा, तिची पिल्लं वाढवा. टॉपर निवडा, सरळ हिशोब.

पण पिंजऱ्यात कोंबड्या एकट्या राहत नाहीत. एखादी बाकीच्यांना दाबून, टोचून, त्यांचं खाणं हिसकावून टॉपर झाली असेल तर? मग तुम्ही अंडी नाही, गुंडगिरी निवडताय. म्हणून म्यूर ह्यांनी एकटी कोंबडी निवडलीच नाही. एका पिंजऱ्यात नऊ बहिणी, आणि निवड होणार पूर्ण पिंजऱ्याची. आख्खा गट पास किंवा आख्खा गट नापास. उद्योगात सर्रास चोची छाटतात, तशा इथे छाटल्या नव्हत्या.

सुरुवातीच्या पिढीत पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचं वर्षाला मरण्याचं प्रमाण होतं ६८ टक्के. दोनच पिढ्यांनंतर ते ८.८ टक्क्यांवर आलं. एकेकट्या पिंजऱ्यात ठेवलेल्या साध्या कोंबड्यांइतकं! आणि एकूण अंडीही वाढली.

माझ्या मते हा प्रयोग प्रत्येक कोचिंग क्लासच्या आणि प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर लावायला हवा.

सह्याद्रीचा वाटा

आता थोडं आपल्याकडे. कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, आग्नेय आशियातल्या रानांतला. पण २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळलं, की जगभरातल्या बऱ्याच कोंबड्यांची जी पिवळी कातडी आणि पिवळे पाय असतात, ते जनुक आलंय करड्या रानकोंबड्याकडून. आणि हा करडा रानकोंबडा राहतो कुठे? आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात! पहाटे घाटात त्याचं आरवणं ऐकलं असेल तुम्ही. त्या पिवळ्या पायांमध्ये आपल्या डोंगराचा अंश आहे.

मग माणसांचं काय?

इथे एक धोका आहे. 'बघा, निसर्गातच उच्चनीच आहे, कोंबड्यांतही आहे, मग माणसांत असणारच!' हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये ऐकलं असेल. जातीचं, घराण्याचं समर्थन करायला तर हमखास.

त्यांना एवढंच सांगा. कोंबडीचं स्थान फक्त त्या एका कळपात असतं. तिला दुसऱ्या खुराड्यात टाका, सगळं शून्यापासून सुरू. तिचं स्थान पिल्लांच्या नावावर वारसाहक्काने चढत नाही. आडनाव बघून कोणी कोणाला टोचत नाही. आणि कळप खूप मोठा झाला, शेकड्यांनी कोंबड्या आल्या, की उतरंड लक्षात ठेवणंच अशक्य होतं. अशा मोठ्या कळपांचा अभ्यास केला तेव्हा मारामाऱ्या वाढलेल्या नाही, कमी झालेल्या दिसल्या. बहुतेकजणी सरळ दुर्लक्ष करायला शिकतात.

जन्माने ठरणारी, पिढ्यान् पिढ्या चालणारी, गाव बदललं तरी पाठ न सोडणारी उतरंड कुठल्याच खुराड्यात नाही. ती माणसांनी केली. त्यामुळे तिचा दोष कोंबड्यांवर टाकू नका.

गावी गेलात आणि कोणाच्या अंगणात कोंबड्या दिसल्या, तर एक करा. मूठभर दाणे एकाच जागी टाका आणि अर्धा तास बसा. फोन खिशात ठेवा, हवं तर एक कागद घ्या. आधी कोण खातं, कोण बाजूला होतं, आणि शेवटचा दाणा कोणाला मिळतो ते लिहा. मग दुसरी मूठ लांब पसरून टाका, आणि बघा, त्या सगळ्यात खालच्या कोंबडीच्या वाट्याला आता किती येतं.

काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!